ऋतुप्राप्ती, संमतिवय आणि संप्रेरके : एका जुन्या वादाचा पुनर्विचार

प्रस्तावना

मुलगा वयात येऊ लागला की त्याचा आवाज फुटतो, त्याला मिसरूड फुटते. मराठीतील हे दोन्ही वाक्प्रचार सावकाश घडणाऱ्या बदलाचे सूचक आहेत. कोणत्या दिवशी मिसरूड फुटले हे कोणी सांगू शकत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र भाषेने निराळा मार्ग स्वीकारला. तिला ‘न्हाण येते’, ‘पदर येतो’, ती ‘ऋतुमती होते’. येथे एक विशिष्ट दिवस अभिप्रेत आहे. तो दिवस घरात सर्वांना कळत असे, मखर सजविले जात असे, ओटी भरली जात असे आणि सासरी निरोप जात असे. मुलाचे तारुण्य ही प्रक्रिया आणि मुलीचे तारुण्य ही घटना, असा हा भेद आहे. तो केवळ भाषेपुरता राहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संमतिवयाच्या कायद्यावरून जो वाद महाराष्ट्रात व बंगालमध्ये पेटला, त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती.

संमतिवयाच्या वादाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने सुधारणावाद विरुद्ध सनातनी मत, अथवा परकीय सत्ता विरुद्ध स्वकीय समाज, या दृष्टींनी झाला आहे. त्या दृष्टी आवश्यकच आहेत. परंतु ज्या शारीरिक घटनेभोवती हा वाद फिरत होता तिचे स्वरूप काय, याविषयी त्या काळातील वैद्यकास किती माहिती होती आणि पुढे काय कळले, या प्रश्नाकडे इतिहासलेखनात तुलनेने कमी लक्ष गेले आहे. या अंगाने त्या वादाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रथम रजोदर्शन हा वयात येण्याचा शेवट नसून मधला एक टप्पा आहे, हे विसाव्या शतकातील अंतःस्रावशास्त्राने सिद्ध केले; तथापि निरीक्षणाच्या आधारे ही गोष्ट १८९१ पूर्वीच अनेकांना ठाऊक होती आणि तरीही कायदा ठरविताना तिचा पुरेसा उपयोग झाला नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

गर्भाधान आणि न्हाण

हिंदू विवाहपद्धतीत विवाह आणि शरीरसंबंध यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर असणे हे गृहीत होते. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी होई आणि न्हाण येईपर्यंत ती बहुधा माहेरी राही किंवा सासरी येऊनजाऊन असे. न्हाण आल्यानंतर ऋतुशांती व गर्भाधान हे संस्कार करून पतिपत्नींचा सहवास सुरू होई. महाराष्ट्रात या प्रसंगाला ‘फलशोभन’ असेही म्हणत. प्रथम ऋतूनंतर सोळा रात्रींच्या आत गर्भाधान झाले पाहिजे, असे मत काही धर्मशास्त्रकारांच्या आधारे, विशेषतः बंगालमध्ये, आग्रहाने मांडले जात होते.

या व्यवस्थेला स्वतःचा एक तर्क होता, हे मान्य केले पाहिजे. विवाह कितीही लवकर झाला तरी शरीराने खूण दिल्याखेरीज सहवास नाही, असा तो निर्बंध होता. प्रत्यक्षात तो सर्वत्र पाळला जात नव्हता. परंतु नियम म्हणून तो अस्तित्वात होता. अडचण अशी होती की, ज्या खुणेवर तो आधारलेला होता ती खूण काय सांगते याचा अर्थच चुकीचा लावला गेला होता.

येथे आयुर्वेदाचे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काल बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात, सोळा वर्षांहून लहान स्त्रीच्या ठिकाणी पंचवीस वर्षांहून लहान पुरुषापासून गर्भ राहिल्यास तो गर्भ कुशीतच नाश पावतो, जन्मला तर दीर्घकाळ जगत नाही आणि जगला तरी दुर्बल राहतो, असे स्पष्टपणे म्हटले आहे. वाग्भटानेही स्त्रीसाठी पूर्ण सोळा वर्षांचीच मर्यादा दिली. म्हणजे बारा आणि सोळा या दोन आकड्यांमध्ये चार वर्षांचे अंतर आयुर्वेदाने जाणीवपूर्वक ठेवले होते. रजोदर्शन होणे निराळे व मातृत्वास योग्य होणे निराळे, हा भेद प्राचीन वैद्यांना ज्ञात होता. धर्मशास्त्राच्या वादात मात्र स्मृतिवचनांना जे वजन मिळाले ते वैद्यकवचनांना मिळाले नाही.

डॉक्टरांची साक्ष

भारतीय दंडसंहितेने १८६० मध्ये संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. दहा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संबंध कोणत्याही परिस्थितीत बलात्कार ठरत नव्हता. हा आकडा कोणत्या शारीरिक निकषावर ठरला हे दाखविणे कठीण आहे.

वैद्यकीय मत पद्धतशीरपणे मागविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १८७१ मध्ये झाला. ब्राह्मो विवाहांना कायदेशीर मान्यता मिळविण्याच्या खटपटीत केशवचंद्र सेन यांनी नामांकित डॉक्टरांना पत्रे पाठवून मुलीच्या विवाहाचे किमान वय विचारले. उत्तर देणाऱ्यांत कलकत्त्याचे जोसेफ फेरर, नॉर्मन चेव्हर्स व महेंद्रलाल सरकार हे होते, तसेच मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग हेही होते. प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून परिचित असलेले आत्माराम पांडुरंग हे व्यवसायाने डॉक्टर होते, याचा अनेकदा विसर पडतो. आलेली मते साधारणपणे चौदा ते वीस या वयांच्या दरम्यान होती. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यात त्यांतील सर्वांत खालचा आकडा स्वीकारला गेला : मुलीस चौदा व मुलास अठरा.

या उत्तरांतील महेंद्रलाल सरकार यांचा युक्तिवाद विशेष उल्लेखनीय आहे. ऋतुप्राप्ती हे तारुण्याच्या आरंभाचे चिन्ह आहे, पूर्णत्वाचे नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी दातांचा दृष्टान्त दिला. दात हे घट्ट अन्न चावण्यासाठीच असतात. पण म्हणून पहिला दात दिसताच बालकाला घट्ट अन्नावर ठेवणारी आई शहाणी म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. संप्रेरक हा शब्दही जन्माला आलेला नव्हता अशा काळात, केवळ रुग्णांच्या अनुभवावरून काढलेला हा निष्कर्ष आजही दुरुस्त करावा लागत नाही.

याच संदर्भात हवामानाचा प्रश्न येतो. उष्ण प्रदेशातील मुली लवकर वयात येतात, अशी युरोपीय वैद्यकाची जुनी समजूत होती आणि येथील अनेक सुशिक्षितांनीही ती निमूटपणे स्वीकारली होती. बालविवाहाचे समर्थन करण्यासाठी ती सोयीची होती : उष्ण हवा आहे, मुली लवकर मोठ्या होतात, तेव्हा लवकर लग्न करणे नैसर्गिकच, असा युक्तिवाद केला जाई. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी १८४० च्या दशकात हिंदुस्थानासह निरनिराळ्या देशांतील आकडे गोळा करून या समजुतीला आव्हान दिले होते. हवामानापेक्षा सामाजिक रूढीच या समजुतीस कारणीभूत आहे, असा त्यांचा रोख होता. पुढील संशोधनाने कारण प्रामुख्याने पोषणात व आरोग्यात आहे असे दाखविले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर युरोपातील मुलींना सोळाव्या-सतराव्या वर्षी ऋतुप्राप्ती होत असे; शंभर वर्षांनी ते वय तेराच्या आसपास आले. युरोपचे हवामान या काळात उष्ण कटिबंधासारखे झाले नव्हते, एवढे सांगणे पुरे.

तीन मुली

या वादात आकडे व वचने पुष्कळ आहेत, मुली थोड्या आहेत. ज्या दिसतात त्यांतील तिघींचा विचार करणे येथे आवश्यक आहे.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वैद्यकीय उपचारांचा अभाव हे कारण त्यांच्या मनावर ठसले व त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, ही हकिकत सर्वपरिचित आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. ज्या परंपरेत सोळा वर्षांची मर्यादा सांगितली आहे, त्याच परंपरेवर चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या स्त्रीने प्रबंध लिहावा, यातील विरोधाभास तिच्या चरित्रकारांनी अधिक ठळकपणे नोंदवावयास हवा होता.

दुसरी मुलगी रखमाबाई. जन्म १८६४, अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी विवाह. विवाहानंतर काही महिन्यांतच त्यांना ऋतुप्राप्ती झाली व रूढीप्रमाणे गर्भाधानाचा प्रश्न उपस्थित झाला. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील प्रसिद्ध डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी इतक्या लहान वयात सहवासास संमती दिली नाही. पुढे जो खटला इंग्लंडपर्यंत गाजला, त्याचा आरंभ अशा रीतीने एका डॉक्टरच्या घरगुती निर्णयात आहे. न्हाण आले म्हणजे मुलगी तयार झाली, हे त्या घरात मानले गेले नाही. मिळालेल्या वर्षांत रखमाबाई वाचू लागल्या, विचार करू लागल्या, आणि सज्ञान झाल्यावर त्यांनी पतीकडे जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा आदेश दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली ती शारीरिक कारणासाठी नव्हे. ज्या विवाहाला आपण समजून संमती दिलीच नाही तो आपल्यावर बंधनकारक कसा, हा त्यांचा प्रश्न होता. वयात येण्याच्या काळात मनातही काही घडते, स्वतःविषयीची जाणीव, आवडनिवड, नकार देण्याची शक्ती याच वर्षांत आकार घेते, ही गोष्ट त्या संपूर्ण वादात एका स्त्रीने आपल्या वर्तनातून पुढे आणली. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर जी टीका झाली तिच्यात या मनाचा विचार जवळपास आढळत नाही. त्या १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, १८९४ मध्ये पदवी घेतली आणि पुढे सुरत व राजकोट येथे प्रदीर्घ काळ स्त्रियांवर उपचार केले.

तिसरी मुलगी फुलमणी दासी. ती बंगालमधील, वय दहा-अकरा वर्षांचे. जून १८९० मध्ये पतीच्या जबरदस्तीच्या संबंधामुळे रक्तस्राव होऊन तिचा मृत्यू झाला. पती हरिमोहन मैती हा तिच्याहून कितीतरी मोठा, प्रौढ पुरुष होता. मुलगी दहा वर्षांवरील असल्याने बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. न्यायालयाच्या कागदांत ती केवळ एक शव म्हणून येते.

१८९१ चा कायदा

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध करून जी चळवळ सुरू केली होती, तिला फुलमणीच्या मृत्यूने गती मिळाली. डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने पंचावन्न स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठविला व आपल्या उपचाराखाली आलेल्या बालपत्नींच्या इजांची माहिती त्यात दिली. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले. १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले. संमतिवय दहावरून बारा झाले.

महाराष्ट्रातील वादाची रूपरेषा ज्ञात आहे. न्यायमूर्ती रानडे, न्यायमूर्ती तेलंग, डॉ. भांडारकर, आगरकर हे विधेयकाच्या बाजूने. लोकमान्य टिळक विरोधात. परंतु टिळक हे बालविवाहाचे पुरस्कर्ते होते असे समजणे अन्यायाचे होईल. मुलींचा विवाह सोळा वर्षांपूर्वी व मुलांचा वीस वर्षांपूर्वी करू नये आणि सुधारकांनी ही बंधने स्वतःवर लादून घ्यावीत, अशी सूचना त्यांनी १८९० मध्ये केली होती. त्यांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारने धर्माचरणात कायद्याने हस्तक्षेप करण्याला होता. तथापि, त्या राजकीय भूमिकेची किंमत कोण देणार होते, हा प्रश्न उरतोच. स्वराज्य येईपर्यंत थांबणे पुण्यातील पुढाऱ्यांना शक्य होते. अकराव्या वर्षी न्हाण आलेल्या मुलीला सोळा रात्रींपलीकडे थांबणे शक्य नव्हते.

डॉ. भांडारकरांनी याच वर्षी विवाह व गर्भाधान यांच्या वयासंबंधी इंग्रजी टिपण लिहून, प्रथम ऋतूतच गर्भाधान करणे अपरिहार्य नाही, असे संस्कृत ग्रंथांच्या आधारे दाखविले. विद्वत्तेच्या दृष्टीने हे लेखन निःसंशय मोलाचे आहे. तरीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही पक्षांचा वाद एकाच चौकटीत चालला होता. विरोधकांचे म्हणणे, काही मुलींना बाराव्या वर्षापूर्वी ऋतुप्राप्ती होते, तेव्हा कायद्याने गर्भाधानाचा लोप होईल. समर्थकांचे म्हणणे, बाराव्या वर्षापूर्वी ऋतुप्राप्ती क्वचितच होते, तेव्हा धर्माला धक्का लागत नाही. वयाऐवजी ऋतुप्राप्ती हीच कायद्यातील मर्यादा धरावी, अशीही सूचना पुढे आली होती; ती मान्य झाली नाही. ऋतुप्राप्ती म्हणजे योग्यता, या समीकरणालाच हात घालणारे आवाज, विशेषतः डॉक्टरांचे, होते. परंतु निर्णायक ठरले नाहीत. बारा हा आकडा वैद्यकाने सुचविलेला नव्हता. तो रूढीला शक्य तितका कमी धक्का लागेल असा निवडलेला आकडा होता. विधेयकावर मतदान करणाऱ्या कौन्सिलात एकही स्त्री नव्हती.

संप्रेरकांचा शोध

ज्या काळात हा वाद चालू होता, त्याच काळात वयात येण्याचे कारण शोधण्याचा मार्ग युरोपात मोकळा होत होता. ग्यॉटिंगेनचे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी १८४९ मध्येच कोंबड्यांवर प्रयोग केला होता. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा खुंटतो, तो आरवत नाही, झुंजत नाही; पण वृषण शरीरात अन्यत्र बसविले तर ही लक्षणे पुन्हा उमटतात. नसांचा संबंध तुटलेला असतानाही परिणाम होतो, म्हणजे तो रक्तावाटे होतो. हा प्रयोग चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिला. १८८९ मध्ये, म्हणजे फुलमणीच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार यांनी पॅरिसमध्ये प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. तो दावा फोल होता. पण त्यामुळे ग्रंथींच्या स्रावांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रचारात आणला. १९२९ मध्ये इस्ट्रोन हे स्त्रीसंप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळाले आणि १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन.

बीजांडकोश व वृषण हे स्वतःहून जागे होत नाहीत, हे १९२० च्या दशकात स्पष्ट झाले. त्यांना मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आदेश देते. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी पीयूषिकेवरही मेंदूतील अधश्चेतकाचे नियंत्रण रक्तवाहिन्यांच्या एका लहानशा जाळ्यामार्फत चालते, असे दाखविले. या नियंत्रणातील रासायनिक दूताची, म्हणजे जीएनआरएच या संप्रेरकाची, रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या कार्याबद्दल अँड्र्यू शाली व रोजर गिलेमिन १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. हा दूत अखंड धारेने येत नाही, ठरावीक अंतराने ठोके दिल्यासारखा येतो. बालपणी हे ठोके दबलेले असतात. वयात येण्याच्या आरंभी ते प्रथम झोपेत, रात्री वाढतात आणि मग हळूहळू दिवसाही जाणवू लागतात. या ठोक्यांना चालना देणाऱ्या किस्पेप्टिन या द्रव्याचे महत्त्व २००३ मध्ये उघड झाले. शरीरात पुरेशी चरबी साठली आहे की नाही याचा निरोपही मेंदूपर्यंत पोहोचतो. म्हणून कुपोषित मुलगी उशिरा वयात येते.

म्हणजे घरातल्या कोणाला काहीही दिसण्यापूर्वी कित्येक महिने ही क्रिया मुलीच्या झोपेत सुरू झालेली असते. लंडनचे जेम्स टॅनर व त्यांचे सहकारी मार्शल यांनी १९६९ मध्ये मुलींच्या आणि १९७० मध्ये मुलांच्या वाढीचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यांच्या निरीक्षणात स्तनांच्या वाढीचा आरंभ व प्रथम रजोदर्शन यांत सरासरी सव्वादोन वर्षांचे अंतर होते. उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ रजोदर्शनापूर्वीच येऊन जातो. त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतील अनेक ऋतुचक्रांत बीजोत्सर्ग होत नाही, आणि प्रसूतीस आवश्यक असा कटीचा अस्थिमार्ग उंची थांबल्यावरही काही काळ रुंदावत राहतो. मुलांमध्ये वृषणांची वाढ प्रथम, आवाज फुटणे व मिसरूड पुष्कळ नंतर. सुश्रुताने ठेवलेले चार वर्षांचे अंतर आणि महेंद्रलालांचा दातांचा दृष्टान्त यांना या आकड्यांनी शारीरिक आशय दिला.

मनाचे काय? १९०४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी या वयाला वादळाचा काळ म्हटले आणि ती प्रतिमा फार लोकप्रिय झाली. मराठीत त्यासाठी ‘पौगंडावस्था’ हा शब्द रूढ झाला. वस्तुतः जुन्या संस्कृत परंपरेत पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षांचे वय, आणि आज अभिप्रेत असलेल्या वयाला कैशोर म्हणत. शब्द चुकीच्या वयावर बसला आणि तसाच राहिला. चिडचिड, संकोच, आकर्षण, एकटेपणाची ओढ यांना संप्रेरके कारण होतात असे सरसकट म्हटले जाते. तेही अपुरे आहे. संप्रेरकांमुळे भावनांशी संबंधित मेंदूचे भाग अधिक संवेदनशील होतात, परंतु विवेक व संयम यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. या दोहोंच्या गतीत फरक आहे. शिवाय त्या भावनांना कोणता अर्थ मिळतो, हे घर व समाज ठरवितात. न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवून तिचे कौतुक होत असे आणि त्यानंतर तिला सासरी पाठविले जात असे. त्या वेळची तिची भीती नोंदविण्याची गरज वादातील कोणालाही भासली नाही.

मराठीत या प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिण्याचे श्रेय रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे जाते. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ या काळात चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या खाजगी शंकांना ते शास्त्रीय उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी कर्व्यांना दंड झाला. वयात आलेल्यांचे विवाह लावून देणाऱ्या समाजाला, वयात येणे म्हणजे काय हे छापून आलेले मात्र सहन होत नव्हते.

वयाच्या आकड्याचा पुढील प्रवास

१९२५ मध्ये विवाहांतर्गत संमतिवय तेरा व विवाहबाह्य चौदा झाले. १९२८ मध्ये अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात रामेश्वरी नेहरू व एक स्त्री डॉक्टर होत्या. पूर्वीच्या कायद्याची लोकांना फारशी माहितीच नाही व त्याखाली खटले क्वचितच होतात, असे समितीस आढळले. १८९१ मध्ये एवढा गदारोळ ज्यासाठी झाला, तो कायदा प्रत्यक्षात बव्हंशी कागदावर राहिला होता. केवळ सहवासाचे वय वाढवून उपयोग नाही, विवाहाचेच वय वाढविले पाहिजे, या मताला त्यामुळे बळ मिळाले. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला : मुलीस चौदा, मुलास अठरा. १८७२ मध्ये ब्राह्मो समाजापुरता स्वीकारलेला आकडा सर्वांना लागू होण्यास अठ्ठावन्न वर्षे लागली. १९४९ मध्ये विवाहांतर्गत संमतिवय पंधरा झाले. १९७८ मध्ये विवाहाचे वय मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस झाले.

पंधरा ते अठरा वर्षांच्या विवाहित मुलीला मात्र पतीविरुद्ध कायद्याचे संरक्षण नव्हते. विवाहाचे वय अठरा असताना विवाहांतर्गत संमतीचे वय पंधरा, अशी विसंगती जवळपास चार दशके टिकली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा हेच वय लिहिले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयोगटातील महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होते.

दरम्यान ऋतुप्राप्ती आणि कायद्याने मान्य केलेले वय यांतील अंतर मात्र उलट दिशेने वाढले आहे. १८९१ मध्ये ते अंतर जवळजवळ शून्य असावे अशीच योजना होती. आज बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास ऋतुप्राप्ती होते आणि २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानुसार संमतीचे वय अठरा आहे. मधली पाच-सहा वर्षे ही शिक्षणाची, मैत्रीची आणि आकर्षणाचीही वर्षे आहेत. सोळा ते अठरा वयोगटातील मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा ठरावेत काय, हा प्रश्न त्यामुळे अनेक उच्च न्यायालयांपुढे आला. विधी आयोगाने २०२३ च्या आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करू नये, मात्र अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावे, अशी शिफारस केली. रखमाबाईंच्या वेळी न्यायालयापुढे नकार देणारी मुलगी उभी होती. आता अनेक प्रकरणांत होकार देणारी मुलगी उभी राहते. तिच्या म्हणण्याला किती वजन द्यावे, हे ठरविण्यासाठी न्यायालयासमोर प्रथम येते ते तिचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र.